रुळणं

'रुळणं' हा शब्द मला फार आवडतो. चप्पल पायात रुळते, नवा शब्द जिभेवर रुळतो, नवी सून घरात रुळते. यातल्या कशालाच तारीख सांगता येत नाही. अमुक दिवशी दुपारी चार वाजता चप्पल रुळली असं कोणी म्हणत नाही. पण परदेशी शिकायला गेलेल्या पोराच्या बाबतीत मात्र आपण नेमकं हेच विचारतो. विमान उतरून आठ दिवस झाले नाहीत तोच आत्या, काका, शेजारच्या काकू, सगळ्यांचा एकच प्रश्न : "काय, झालास का सेटल?" आणि त्यावर "हो हो, एकदम!" याखेरीज दुसरं उत्तर द्यायची सोय नसते.

मी स्वतः २००३ साली शिकायला म्हणून फिलाडेल्फियाला आले. त्याच शहरात एकशेवीस वर्षांपूर्वी एक मराठी मुलगी शिकायला आली होती हे शाळेच्या धड्यामुळे माहीत होतं, तेवढंच. पुढे हळूहळू आनंदीबाईंविषयी मिळेल ते वाचत गेले, आणि मग त्याच्या जोडीने डॉ. आंबेडकरांची न्यूयॉर्कमधली वर्षं. दोघांचं मोठेपण सगळ्यांना ठाऊक आहे, त्याबद्दल मी नव्याने काय सांगणार? मला त्यांच्या सुरुवातीच्या महिन्यांविषयी लिहायचंय. कुठे राहिले, काय खाल्लं, पहिला माणूस कोण भेटला, आणि मुख्य म्हणजे घरून निघताना सामानात काय बांधून दिलं होतं. सामान म्हणजे लोणच्याच्या बरण्या नव्हेत. ते काय ते पुढे येईलच.

आधी आनंदीबाई.

त्यांच्या प्रवासाची सुरुवात एका पत्राने झाली. गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला. बायकोला शिकवायचं त्यांना वेड होतं (वेड हाच शब्द बरोबर आहे, चांगल्या आणि वाईट दोन्ही अर्थांनी). अमेरिकेत तिच्या शिक्षणाची काही सोय होईल का, असं त्यांनी एका मिशनऱ्याला विचारलं. तो पत्रव्यवहार प्रिन्स्टनहून निघणाऱ्या 'मिशनरी रिव्ह्यू' या मासिकात छापून आला. धर्म बदला म्हणजे बघू, असा त्या उत्तराचा एकूण सूर होता. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या, तिथे त्यांच्या हाती तो अंक पडला. त्यांनी घरी जाऊन पत्र लिहिलं. दातदुखीने मराठी समाजावर केलेले हे उपकार कोणी फारसे मोजत नाही!

त्या पत्रापासून प्रत्यक्ष भेटीपर्यंत तीन वर्षं गेली. तीन वर्षं दोघी एकमेकींना लिहीत राहिल्या. सण, देव, स्वयंपाक, बायकांचं जगणं, सगळं त्या पत्रांत आलं. भेट व्हायच्या आधीच कार्पेंटरबाई आनंदीबाईंच्या 'मावशी' झाल्या होत्या. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कॉलेज ठरलेलं नव्हतं, पैशांची सोय नव्हती, पण नातं आधी ठरलेलं होतं.

आता सामानाकडे येते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केलं. हे श्रीरामपूर म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, कलकत्त्याजवळचं. गोपाळरावांची बदली तिकडे झाली होती. वय वर्षं १७, एक बाळ जन्मून दहा दिवसांत गेलेलं, आणि समोर बहुतेक पुरुषांची सभा. लोक जे प्रश्न विचारून विचारून हैराण करत होते त्या सहा प्रश्नांची त्यांनी एकेक करून उत्तरं दिली. अमेरिकेला कशासाठी? इथे शिकता येत नाही का? एकटीच का? परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचं काय? संकट आलं तर? आणि कुठल्याच बाईने केलं नाही ते तूच का करणार?

वाळीत टाकण्याच्या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर असं होतं, की मी इथे जशी राहते तशीच तिथे राहणार आहे. खाणं, पेहराव, रीतभात काहीही बदलणार नाही. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन. मग मला वाळीत टाकायचं कारणच काय उरलं?

वकिली दृष्टीने हे उत्तर बिनतोड आहे. तेव्हा याहून वेगळं काही बोलून त्यांना जाता आलं असतं असंही मला वाटत नाही. पण आज ते वाचताना माझं लक्ष दुसरीकडेच जातं. सतरा वर्षांची मुलगी ज्या देशात कधी गेली नाही, जिथली थंडी कधी पाहिली नाही, तिथे आपण काय खाऊ आणि काय नेसू याचा शब्द भर सभेत देऊन बसली. बोटीत चढण्याआधी तिच्या सामानातली सगळ्यात जड वस्तू ही होती.

७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने. नवरा सोबत नाही. शाकाहारी मुलीला बोटीवर मिळून मिळून काय मिळणार?

उतरल्यावरचे पहिले चार महिने मात्र सुखाचे गेले. जून ते सप्टेंबर त्या रोझेलला मावशींकडे राहिल्या. त्या घरात त्यांना आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करायची मुभा होती. एकदा तर त्यांनी तिथल्या पाहुण्यांना आपल्या रीतीने जेवायला घातलं. गोऱ्या बायकांना साड्या नेसवल्या, खाली बसवलं, हाताने जेवायला लावलं. हा प्रसंग मला फार आवडतो. इथे पहिल्यांदा त्या कोणाच्या दयेवर राहणाऱ्या पाहुण्या न राहता यजमान झाल्या. माझ्या अनुभवाने सांगते, परक्या देशात पहिलं हसू आपल्या स्वयंपाकघरात दुसऱ्याला जेवायला घालताना फुटतं. तोवर आपण फक्त आभार मानत असतो. थँक्यू, थँक्यू आणि थँक्यू. देण्यासारखं आपल्याकडेही काही आहे हे कळलं की पाठ जरा ताठ होते.

मग ऑक्टोबर. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला, तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. आणि इथून खरी परीक्षा सुरू झाली. राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी नीट पेटत नसे. पेटवली तर खोलीभर धूर, विझवली तर गारठा. दोन्हींतून एक निवडायचं. फिलाडेल्फियातला जानेवारी काय असतो हे मी अनुभवलंय. माझ्या खोलीत रेडिएटर होता, आणि तो इतका तापायचा की आम्ही बाहेर बर्फ पडत असताना खिडकी उघडी ठेवायचो. त्या खिडकीपाशी बसून मी आनंदीबाईंच्या शेगडीबद्दल वाचलं तेव्हा काही वेळ पुढचं पान उलटवलं नाही.

त्यात स्वयंपाक स्वतःचा स्वतः करायचा. दिवसभर कॉलेज, मग कोळसा, धूर आणि भाजी. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, ते थंडीलाही सोसेना आणि तिथल्या लोकांच्या नजरेलाही बरं दिसेना. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. साडी सोडून झगा घातला नाही, साडीची पद्धत बदलली. दिलेल्या शब्दाच्या आत राहून जेवढं सरकता येईल तेवढं सरकल्या. रुळणं म्हणतात ते हेच असावं. पण या एवढ्या बदलाचंही स्पष्टीकरण त्यांना घरी लिहून कळवावं लागलं.

कारण पत्रं येत होती. गोपाळरावांच्या पत्रांत कधी कौतुक, कधी संशय, कधी टोमणे. ज्याने हट्टाने पाठवलं तोच आता तू बदलली तर नाहीस ना, असं विचारत होता. एका पत्राचं उत्तर यायला महिने लागत. म्हणजे टोमणा जानेवारीत लागला तर त्याचा खुलासा पोचून समाधानाचं उत्तर येईपर्यंत उन्हाळा उजाडायचा. तोपर्यंत तो टोमणा उशाशी घेऊन झोपायचं. आमच्या वेळी पाच डॉलरची कॉलिंग कार्डं होती, आज व्हिडिओ कॉल आहे. पण अंतर कमी झालं म्हणून हिशेब द्यायचा थांबला असं मला काही दिसत नाही. उलट आता तो रोज द्यावा लागतो, चेहऱ्यासकट!

त्या टिकल्या त्या माणसांमुळे. डीन रेचल बॉडली यांचा त्यांच्यावर जीव होता, काही काळ त्या डीनबाईंच्या घरीही राहिल्या. सुट्टी लागली की रोझेल, मावशी. आणि कॉलेजात त्या एकट्याच परदेशी नव्हत्या. १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तो फोटो आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. लोक त्याखाली 'तीन देशांच्या पहिल्या डॉक्टर' वगैरे लिहितात. मला मात्र तो पाहताना वाटतं, फोटो काढून झाल्यावर या तिघी काय बोलल्या असतील? भाताबद्दल बोलल्या असतील का?

११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली. पंडिता रमाबाई खास त्यासाठी इंग्लंडहून आल्या होत्या. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डाची नेमणूकही ठरली. पण तब्येत तोवर पार ढासळली होती. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. दवाखान्यात एक दिवस बसणं नशिबी आलं नाही.

त्यांना क्षय धुराने झाला की थंडीने की उपासमारीने, असला निवाडा मी करणार नाही. क्षय त्या काळी इथे-तिथे सगळीकडे होता. पण एवढं मात्र म्हणेन, की जे शरीर आजाराशी लढत होतं त्याच शरीराला एक शब्दही पाळायचा होता.

आता बरोबर तीस वर्षं पुढे.

४ जून १९१३. भीमराव आंबेडकर, वय २२, बडोदा संस्थानाच्या करारावर सही करतात. (आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तीही तारीख ४ जूनच. योगायोग आहे, पण लक्षात राहतो.) सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. शिकून परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची चाकरी करायची. चारच महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, वडील रामजी सुभेदार गेलेले. मागे बायको रमाबाई आणि मोठं कुटुंब. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले.

त्यांच्या राहण्याची हकीकत धनंजय कीरांच्या चरित्रात आहे, आणि ती इतकी ओळखीची वाटते की वाचताना हसूच येतं. आधी कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात. तिथलं जेवण जमेना. बेचव, आणि त्यात वारंवार गोमांस. मग कॉस्मोपॉलिटन क्लब, कारण तिथे काही भारतीय मुलं होती. मग लिव्हिंग्स्टन हॉल, आणि तिथे खोलीत सोबती म्हणून नवल भथेना हा पारशी तरुण. तीन जागा बदलून शेवटी माणूस मिळाला तिथे ते टेकले. इथे आलेल्या कोणत्याही मुलाला विचारा, पहिल्या वर्षाचा नकाशा असाच असतो. पहिलं घर जेवणापायी सुटतं, दुसरं आपली माणसं म्हणून धरतो, आणि तिसऱ्यात एक मित्र मिळतो. भथेना हे त्यांचे जन्माचे मित्र झाले. पुढे १९२० साली अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला जाताना आंबेडकरांना याच मित्राने पाच हजार रुपये उसने दिले.

पण आनंदीबाईंच्या आणि त्यांच्या रुळण्यात एक मूलभूत फरक आहे, आणि तो लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली. आनंदीबाईंकडे गमवायला जात होती. समुद्र ओलांडला म्हणून ती जाईल अशी भीती सगळ्यांनी घातली होती, आणि ती राखायचा शब्द देऊन त्या निघाल्या होत्या. आंबेडकरांच्या सामानातही जात होती, पण ती अशी, की हरवली तर बरं! कोलंबियात ते इतर विद्यार्थ्यांच्या बरोबरीने टेबलावर बसून जेवू शकत होते, त्याच ग्रंथालयात बसत होते, तेच पाणी पीत होते. शाळेत ज्याला पाण्यासाठी शिपायाची वाट बघावी लागली त्याच्यासाठी न्यूयॉर्कचा साधा नळ काय असेल याची कल्पना माझ्यासारख्या घरात वाढलेल्या माणसाला करता येणार नाही. मी जेव्हा 'होमसिक' म्हणते तेव्हा मला परत बोलावणारं एक घर आणि एक गाव गृहीत असतं. सगळ्यांना ते तसं नव्हतं, नसतं, हे मला या वाचनाने शिकवलं.

म्हणून त्यांनी ती तीन वर्षं अक्षरशः पिऊन घेतली. अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम, शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. जॉन ड्यूई, एडविन सेलिगमन यांच्यासारखे गुरू. १९१५ ला एम. ए., आणि ९ मे १९१६ ला भारतातल्या जातिसंस्थेवरचा तो प्रसिद्ध निबंध. जेवणावर खर्च कमी, घरी पैसे पाठवायचे, आणि उरलेले पुस्तकांवर. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली होती.

त्याच काळातली, त्याच परिसरातली आणखी एक गोष्ट सांगते. १९०९ साली हॅरी एडमंड्स नावाचा वायएमसीएत काम करणारा एक गृहस्थ कोलंबियाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला जाता जाता सहज 'गुड मॉर्निंग' म्हणाला. तो मुलगा थांबला आणि म्हणाला, की मी तीन आठवडे न्यूयॉर्कमध्ये आहे आणि माझ्याशी आपणहून बोललेले तुम्ही पहिलेच. एडमंड्सच्या मनाला ते इतकं लागलं की त्याने आणि त्याच्या बायकोने परदेशी मुलांना रविवारी घरी बोलवायला सुरुवात केली. त्यातून क्लब निघाला, आणि पुढे १९२४ साली रॉकफेलरच्या पैशातून रिव्हरसाइड ड्राइव्हवर 'इंटरनॅशनल हाउस' उभं राहिलं. आजही तिथे जगभरचे विद्यार्थी राहतात. एका नमस्काराची ही इमारत आहे. मी तिच्यासमोरून गेले की मला त्या मुलाचे तीन आठवडे आठवतात. एकवीस दिवस! वर्गात, दुकानात, रस्त्यात माणसंच माणसं, आणि एक शब्द नाही. आपण मुलांना गरम कपडे देतो, कुकर देतो, औषधांचा डबा देतो. या एकवीस दिवसांसाठी काय देतो?

परदेशी रुळण्याचं पुढचं प्रकरण म्हणजे परत येणं. ते आपण कधी मोजतच नाही.

आंबेडकर १९१७ साली परतले आणि कराराप्रमाणे बडोद्याला नोकरीवर हजर झाले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या आत्मकथनात त्यांनी हे लिहिलंय. युरोप-अमेरिकेतल्या मुक्कामाने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती. स्टेशनावर उतरताच प्रश्न पडला : राहायचं कुठे? कोणी जागा देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही काहीतरी कारण सांगून जागा नाकारली. कोलंबियात शिकलेला तो तरुण बडोद्याच्या कमाठी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

न्यूयॉर्कमध्ये एक पारशी तरुण खोलीत सोबत राहिला, आणि बडोद्यात पारशांनी काठ्या आणल्या. माणसं त्याच समाजातली, देश फक्त वेगळा. त्या पुस्तकाच्या नावात 'व्हिसा' आहे, आणि आत सगळी आपल्याच देशातली दारं आहेत. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येक मराठी मुलाने (एफ-वन हे नाव त्या रांगेला १९५२ च्या कायद्याने दिलं) ती वीसेक पानं एकदा वाचावीत असं मला फार वाटतं.

आणि आनंदीबाईंचं परत येणं? त्यांचं स्वागत झालं, कौतुक झालं. पण त्या गेल्यावर गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेला मावशींकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली आहे. २००५ च्या मे महिन्यात मी तिथे जाऊन आले. ग्रँड सेंट्रलहून गाडी निघते, दोन तास जवळजवळ सगळी वाट हडसन नदीच्या काठाकाठाने. दगडावर त्यांचं नाव आहे, एम. डी. आहे, आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाची ओळ आहे. ज्या गोष्टीपायी पोटात थंडी आणि छातीत धूर घेऊन त्या राहिल्या, ती दगडावरही राहिली. पण तो दगड ज्या घराच्या जागेत आहे ते घर मावशीचं आहे. जन्माने ना जातीची, ना धर्माची, ना भाषेची. पत्रातून केलेली मावशी. शेवटी हिशेब कुठे लागला ते मला तरी तिथे दिसलं.

हे सगळं आत्ताच का आठवलं ते सांगते. आमच्या घरातले बरेच जण हे वाचतात, म्हणून जरा जपून लिहितेय, आणि ज्याच्याबद्दल लिहितेय त्याला विचारूनच लिहितेय. माझ्या मावसभावाचा मुलगा २०२२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत शिकायला आला आणि डिसेंबरमध्ये, एक सेमिस्टर करून, परत गेला. घरात अजूनही त्याचा विषय निघाला की आवाज खाली येतो. 'त्याला तिथे झेपलं नाही' हे वाक्य मी किमान पाच जणांच्या तोंडून ऐकलंय. तो आता नाशिकला नोकरी करतो, बरी करतो, पण लग्नाच्या बोलण्यांतही ते चार महिने आधी निघतात.

मागच्या वर्षी मी नाशिकला गेले होते तेव्हा आम्ही दोघं रात्री गच्चीत बसलो होतो. मी त्याला विचारलं, नक्की काय जड गेलं? थंडी? अभ्यास? तो म्हणाला, "नाही आत्या. अभ्यास जमत होता. निरोप जड गेला." मला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगितलं. हॉल घेऊन केलेला निरोप समारंभ, शंभर माणसं, शाल-नारळ, कोणीतरी माइकवर म्हटलेलं, की हा आपल्या घराण्याचं नाव काढणार. घर तारण ठेवून काढलेलं कर्ज, तेही सगळ्यांसमोर कौतुकाने सांगितलेलं. "तिथे गेल्यावर झोप येईना, खाणं जाईना. पण फोनवर सांगणार कोणाला? शंभर जणांनी शाल दिली होती ना!"

मला श्रीरामपूरची सभा आठवली. ती मुलगी स्वतः उभी राहून बोलली, या मुलाच्या वतीने दुसरे बोलले, एवढाच फरक. शब्द दोघांच्याही सामानात गेला.

परत येण्याला आपण हार म्हणतो, हेच मला खटकतं. त्या मुलाने आपलं शरीर आणि आपलं मन वेळेवर ओळखलं आणि तो घरी आला. आनंदीबाईंना ती मोकळीक नव्हती. पदवीशिवाय परतणं म्हणजे एकटीचं अपयश नव्हतं, मागे येऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलीचं दार बंद झालं असतं, हे त्या जाणून होत्या. आंबेडकरांच्या मागे तर एक अख्खा समाज होता. त्यांनी जे ओझं वाहिलं ते इतिहासाने त्यांच्यावर टाकलं होतं, आणि त्यासाठी त्यांना नमस्कार. पण आमच्या मावसभावाच्या पोरावर इतिहासाने काहीच टाकलं नव्हतं. ते आम्ही टाकलं, हौसेने, हॉल भाड्याने घेऊन.

यंदाच्या ऑगस्टमध्ये आपल्या गोतावळ्यातली आणखी दोन मुलं निघताहेत. त्यांच्या आयांनी माझ्याकडे यादी मागितली. दिली मी. कुकर न्या, मसाला पुडीत नको डब्यात न्या, थंडीचा कोट तिकडेच घ्या, इथला उपयोगाचा नाही. आणि यादीच्या खाली तीन ओळी जास्तीच्या लिहिल्या, त्या इथेही लिहिते. समारंभ करा, पण माइक नको. तिथे निदान एक घर असं शोधून द्या की जिथे मूल न कळवता जेवायला जाऊ शकेल, मग ते कुठल्याही जातीचं, भाषेचं असो. आणि पहिल्या महिन्यात 'सेटल झालास का' विचारू नका. 'आज कोणाशी बोललास?' एवढंच विचारा, आणि उत्तर 'कोणाशीच नाही' असं आलं तर घाबरून न जाता थोडा वेळ फोन चालू ठेवा.

असो. फारच लांबलं. त्या दोघांपैकी एक मुलगी फिलाडेल्फियालाच येतेय. माझा पत्ता तिला दिलाय.